आत्याची अट

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत सूचना करायची हौस दांडगी आहे, पण फक्त मोबाइलवर. रस्ता असा का, सिग्नल तिथंच का, नाला कुणी बुजवला, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मागच्या महिन्यात पत्रक आलं की नागरिकांनी प्रभागाच्या बैठकीला यावं आणि आपल्या भागातली कामं सुचवावीत. ग्रुपवर धडाधड अंगठे पडले. प्रत्यक्ष बैठकीला गेलो आम्ही तिघं: मी, तळमजल्यावरचे एक निवृत्त मास्तर आणि मास्तरांना गाडी चालवता येत नाही म्हणून त्यांचा जावई. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला बरा वेळ मिळतो हो असल्या गोष्टींना!" मी हसले. मनात म्हटलं, बाई गं, तू आमच्या आत्याच्या चाळीत आठ दिवस राहायला हवी होतीस.

ही आत्या माझी नात्याची कुणी नव्हे. चाकणच्या बाजूला, निघोज्याच्या पुढं एका गावात आम्ही लग्नानंतर पाच वर्षं भाड्यानं राहिलो, तिथली ती घरमालकीण. सगळी चाळ तिला आत्याच म्हणायची. मला चारचौघांत बोलायला तिनं शिकवलं. आणि तिनं आयुष्यभर गावाकडं जी एक गोष्ट मागितली, ती मी चारचौघांत बोलूनच मागं पाडली. तो दिवस मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर ती जशी वागली ते आठवलं की मात्र आपोआप हात जोडले जातात. असलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा ती अंगणात उभी होती. उंच, काटक, नऊवारी, डोक्यावरून पदर आणि पायात कंपनीतले काळे सेफ्टी शूज. कुणा भाडेकरूनं जाताना टाकून दिलेले. "चिखलात लई झ्याक," असं ती म्हणायची आणि लग्नाकार्यालाही तेच घालून जायची. माझ्या नवऱ्यानं पाणी, लाइट, भाडं सगळं विचारून घेतलं. मग तिनं विचारलं, "गरामसभेला येनार का?"

नवरा गोंधळला. त्याला वाटलं देवळाची वर्गणी वगैरे काहीतरी आहे. म्हणाला, "आम्ही भाडेकरू माणसं, परभणीकडची. आमचं काय काम सभेत?"

"पानी हितलं पिनार?"

"हो."

"कचरा हितंच टाकनार?"

"हो."

"मंग सभंला काय परभनीला जानार?"

तिची अट अशी होती. मतदारयादीत नाव इथं आणायचं, सभेला यायचं, आणि वर्षातून एकदा तरी उभं राहून एक वाक्य बोलायचं. कोणतंही. "माजी बाजू घ्यायची न्हाई, माजं नाव घ्यायचं न्हाई," एवढं ती बजावून सांगायची. आमच्या आधी चार नंबरच्या खोलीत चिपळूणचा एक वेल्डर आला होता. वर्षभर टाळाटाळ करून शेवटी तो सभेत उभा राहिला, "नमस्कार, मी खोली नंबर चार," म्हणाला आणि खाली बसला. गाव हसून लोळलं. आत्या मात्र खूश. "आवाज फुटला ना? बास झालं."

चाळीत तिनं कुणाला नावानं हाक मारली नाही. ज्याचं जे गाव, तीच त्याची हाक. मी परभनी, वेल्डरची बायको चिपळून, पलीकडं एक लातूर. नाव इथल्या यादीत आणायचं म्हटल्यावर माझ्या सासूबाई फोनवर कडाडल्या, "मत तिकडं नेलं म्हणजे तुम्ही तिकडचेच झालात की!" मी रडकुंडीला आले. आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि सासूबाईंना म्हणाली, "ताई, सून तुमचीच हाय. मत फकस्त हितल्या गटाराला हाय." सासूबाईंचा राग कुठल्या कुठं गेला. पुढं गावाकडून शेंगा आल्या की त्यात आत्याची पिशवी वेगळी असायची.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस ती रोज सकाळी वाचायला जायची. शिक्षण चौथीपर्यंत. अक्षराखालून बोट फिरवत मोठ्यानं वाचायची. नोटीस लागली की तेवढी पाठ करून यायची आणि खडूनं आमच्या चाळीतल्या मोऱ्यांच्या दारांवर लिहून काढायची. चार मोऱ्या, चार दारं. पहिल्यावर तारीख नि वेळ, बाकीच्यांवर विषय. सकाळी बादली घेऊन बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला वाचण्याशिवाय दुसरं कामच नसायचं. माझा नवरा म्हणायचा, "आंघोळीला जायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय राव!"

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. दुपारी पंचायतीचा शिपाई वही घेऊन दारात आला. "ताई, हितं सही करा." मी केली. मी कामाला होते त्या कंपनीत काय, गेटवर सही, कॅन्टीनला सही, हातमोजे घेताना सही. सही मागितली की करायची, एवढंच डोक्यात. शिपाई पुढच्या दाराकडं वळला तोच आत्या आली.

"कशावर सही केलीस?"

"माहीत नाही. वही होती."

"वाचली?"

तिनं शिपायाला जागीच उभं केलं आणि पान माझ्यापुढं धरलं. वर लिहिलं होतं, महिला सभेस उपस्थित असलेल्या महिलांच्या सह्या. सभा झाली होती म्हणे आदल्या दिवशी. आदल्या दिवशी मी लाइनवर वायरी जोडत होते.

"तुजं नाव आजून यादीत न्हाई, आन तू सभंला हजर! बरी हाय की गं तू. चल."

मला तिनं तशीच ओल्या हातानं पंचायतीत नेलं. ग्रामसेवकाला तिकडं सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते बिचारे जेवणाचा डबा उघडत होते. आत्या म्हणाली, "भाऊसाहेब, ही पोरगी सभंला नव्हती. सही खोडून द्या." भाऊसाहेब म्हणाले, "आत्याबाई, एका सहीनं काय फरक पडतोय? सगळीकडं असंच चालतं." त्यावर ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही. समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "जेवा तुमी. आमी थांबतो."

कुणी समोर बसून बघत असेल तर घास कसा उतरणार? भाऊसाहेबांनी डबा झाकला, सही खोडली आणि बाजूला लिहिलं, "गैरहजर". परत येताना मी शरमेनं मान खाली घालून चालत होते. ती एवढंच म्हणाली, "आपन नसलेल्या जागी आपली सही आसली ना परभनी, तर तिथं काय ठरलं ते इचारायचं त्वांड ऱ्हात न्हाई." त्या दिवसापासून मी बँकेत, शाळेत, कुठंही न वाचता सही केलेली नाही. नवरा वैतागतो. वैतागू दे.

ती एवढी हात धुऊन सभेच्या मागं का लागली होती, ते मला हळूहळू कळलं. ग्रामसभेला शंभर माणूस हजर लागतं. जमलं नाही की सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला आकड्याची अट नाही. मग सात-आठ जण सतरंजीवर बसतात, चहा होतो, गावाचं वर्षाचं काम ठरतं. आत्या तरुणपणापासून सभेला जात होती. शंभर कधी जमायचेच नाहीत. जुन्या घरांतली माणसं जमिनीच्या नि धंद्याच्या मागं, नवी आलेली कंपन्यांच्या शिफ्टमध्ये. म्हणून तिनं चाळ बांधली तेव्हाच ही अट घातली. लोक खोल्या बांधतात ते भाड्यासाठी, हिनं सभेला माणसं मिळावीत म्हणून बांधल्या, असं गावात चेष्टेनं बोलायचे. पण तिच्या बारा खोल्या यायला लागल्यावर बाकीच्या चाळींतलेही यायला लागले, आणि त्यांच्या धाकानं जुनी घरंही. गावची सभा पहिल्याच दिवशी भरायला लागली.

माझं पहिलं वाक्य होतं, "अंगणवाडीच्या नळाला तोटी नाही." आठ दिवसांनी तोटी बसली. मी बघायला गेले. तीनदा उघडली, तीनदा बंद केली. हसू नका, पण डोळ्यात पाणी आलं. माहेरी चार भावांत मला चहात साखर किती हेही कुणी विचारलं नव्हतं, आणि इथं मी बोलले म्हणून सरकारी तोटी बसली!

आता तो दिवस.

आत्याचा मळा ओढ्याच्या पलीकडं होता. तिथल्या जुन्या घरात तिची थोरली जाऊ एकटी राहायची. दोघी विधवा, दोघी सत्तरीच्या पुढच्या. जाऊबाई मळा सोडून यायला तयार नव्हत्या आणि आत्या चाळ सोडून जाऊ शकत नव्हती. पावसाळ्यात ओढा भरला की चार-चार दिवस वाट बंद. मागच्या पावसात जाऊबाईंना ताप चढला तेव्हा चौघा गड्यांनी खांद्यावर बाज घेऊन, छातीभर पाण्यातून त्यांना अलीकडं आणलं होतं. ओढ्यावर एक छोटा पूल, एवढीच आत्याची मागणी. कितीतरी वर्षांची. दर वेळी काहीतरी निघायचं आणि पूल मागं पडायचा. त्या वर्षी मात्र सरपंच तिच्या भावकीतला, तिला काकी म्हणणारा, आणि त्यानं शब्द दिला होता.

आणि आमचं म्हणणं असं होतं. चाळींपासून हायवेपर्यंतची वाट. कंपनीची बस तिथं पहाटे सव्वापाचला येते. वाटेला एक दिवा नाही, कडेनं उघडं गटार. हिवाळ्यात मी त्यात पडले, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईसाठी कोण थांबतंय? माझी लाइन गेली, दुसरीकडं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. माझ्यानंतर आमच्या चाळीतली लातूर पडली, ती पोटुशी होती. देवाची कृपा म्हणून वाचली.

स्वातंत्र्यदिनाच्या सभेचे विषय मोऱ्यांच्या दारांवर उमटले. तिसऱ्या दारावर, "ओढ्यावर पूल." चौथ्यावर, "हायवेच्या वाटेला दिवे व गटार." खाली, "दोनांत पयलं कोनतं." दोन्ही दारांवर अक्षर सारखंच मोठं, सारखंच ठळक. मी दोन्ही दारं आळीपाळीनं बघत राहिले, हातातली बादली खाली ठेवायचंही सुचलं नाही.

चाळीतल्या बायका माझ्या खोलीत जमल्या. चिपळूण म्हणाली, "गप बसूया गो. तिच्या खोलीत ऱ्हातो, तिचा पाणी पितो, आणि तिच्याच आडवं जायचं? पुढच्या वर्षी बघू." लातूर पोटावर हात ठेवून बसली होती. आठवा लागला होता. मला काही सुचेना. जेवण गेलं नाही. शेवटी सभेच्या आदल्या दिवशी मी आत्याकडं गेले. ती शेंगा निवडत होती.

"आत्या, उद्या मी..."

"हितं सांगू नगंस," ती म्हणाली. मान वर केली नाही. "जे काय आसंल ते सभंत सांग."

"पण आत्या, तुम्हाला वाईट..."

"घरात ठरवून घेतलं आन सभंत मुंडी हालीवली, त्याला सभा म्हनत न्हाईत पोरी. जा, भाकरी खा. उपाशी पोटी बोललं की आवाज कापतो."

माझ्या पोटात अन्न नाही हे तिला कसं कळलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पडवीत सभा बसली. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं माणसं भरपूर. आत्या तिचा प्लॅस्टिकचा स्टूल घेऊन पुढं बसली होती, पायात शूज पॉलिश केलेले. आधी ती उठली. जास्त बोलली नाही. "माजी जाऊ पल्याड हाय. मी आल्याड हाय. आमा दोगींचं किती दिस ऱ्हायल्यात ते देवाला ठावं. पूल झाला तर शेवटचं पानी एकमेकीच्या हातचं मिळंल." आणि बसली. माझ्या शेजारी चिपळूण पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं, संपलं. आता कोण उठणार? उठायचं कुठल्या तोंडानं?

मी कशी उठले मला आठवत नाही. मोडलेलं मनगट वर धरलं, ते अजूनही थोडं वाकडंच आहे. म्हटलं, "मला आत्याच्या पुलाविरुद्ध काही बोलायचं नाही. पण ओढा वर्षातले काही दिवस अडवतो आणि ती वाट आम्हाला रोज अडवते. मी पडले. ही लातूरची पडली. तिसरी कोण पडते याची वाट बघायची का?"

तेवढ्यात पुढून आवाज आला. आत्याचा.

"किती बायका जात्यात त्या वाटनं?"

"बेचाळीस."

"अंदाजानं म्हन्तीस का मोजल्यास?"

"मोजल्यात. तीन दिवस बसपाशी उभी राहून."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा समोर बघायला लागली.

तो प्रश्न तिनं मला पाडायला विचारला की उभं करायला, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही. पण त्या आकड्यावर सभा हलली हे खरं. बाकीच्या चाळींतल्या बायका एकेक करून उठल्या. मग सरपंचानं हात वर करायला सांगितलं. पुलासाठी चौपन्न. दिव्यांसाठी एकसष्ट. त्या एकसष्टांत आत्याच्या चाळीतले बावीस. लातूर तर हात वर करून रडतच होती.

मागून तिच्या भावकीतला एक जण ओरडला, "काकी, आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की वं! कशाला आनली ही बाहेरची?"

आत्या वळली. "धोंडं न्हाईत ती. मानसं हायती. आन बाहेरची कशी? यादीत बघ, तुज्या खाली नावं हायती."

सरपंच पोरगा चांगला होता. त्याला काकीचं वाईट वाटलं. तो भाऊसाहेबांना हळूच म्हणाला, "ठराव सर्वानुमते मंजूर लिहा. काकींचा मान राहील." सगळ्या गावांत असंच लिहितात. भाऊसाहेबांनी पेन टेकवलं, तोच आत्या स्टुलावरून उठली.

"सर्वानुमते कसं? माजा हात खाली हुता."

"अहो काकी, तुमच्या मानासाठीच..."

"मान ऱ्हाऊ दे माज्यापाशी. इरोध चौपन्न, तसं लिवा. आन त्यात माजं नाव पयलं लिवा. उद्या कुनी म्हनाया नगं की आत्या घाबरून त्यांच्या बाजूला गेली, न्हाईतर चाळीतल्यांनी भिऊन तिच्या बाजूला हात केला. ज्याचा हात वर त्याचा वर, ज्याचा खाली त्याचा खाली."

भाऊसाहेबांनी लिहिलं. तिनं वही मागून घेतली, बोट फिरवत सगळा ठराव मोठ्यानं वाचला, स्वतःच्या हरण्यासकट, आणि खाली सही केली. सावकाश, चारी अक्षरं सुटी सुटी. अख्खी पडवी बघत होती. मला त्या क्षणी तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण जवळ जायची हिंमत होईना.

सभा उठली. मी गर्दीत मागं मागं राहिले. खोली सोडायला सांगितली तर कुठं जायचं, याचाही विचार करून झाला. तेवढ्यात तिचा आवाज आला, "ए परभनी, चल माज्यासंगं."

गेले मुकाट. ती ओढ्याकडं चालली होती. पाणी तांबडं, दोन्ही काठ भरून वाहत होतं. पलीकडं बांधावर जाऊबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभ्या होत्या. सकाळपासूनच उभ्या असाव्यात, निकाल ऐकायला. आत्यानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"आगंऽऽ! पूल न्हाई झालाऽऽ!"

पलीकडून बारीक आवाज आला, "का गंऽऽ?"

"मतं कमी पडलीऽऽ!"

"कुनी पाडलीऽऽ?"

आत्यानं माझा दंड धरला, मला काठाशी पुढं ओढलं आणि तोच हात उंच केला.

"हिनंऽऽ! ही बघ, हितं उभी हायऽऽ!"

जाऊबाईंनी कपाळावर हात धरून मला निरखून बघितलं. मग विचारलं, "नीट बोलली काऽऽ?"

"झ्याक बोललीऽऽ! मोजून आनलं हुतंऽऽ!"

आत्याच्या आवाजात राग नव्हता. पोरगी पहिली आल्यावर बाप बोलतो ना, तसं बोलत होती ती. मी ढसाढसा रडायला लागले. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही, तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"मंग आपलं कसं गंऽऽ?" पलीकडून.

"फुडल्या साली हीच मांडंल आपला पूलऽऽ!" आत्या ओरडली. मग माझ्याकडं वळून साध्या आवाजात म्हणाली, "पटला तरच हां."

पुढच्या स्वातंत्र्यदिनाच्या सभेत मी तो मांडला, आणि पडवीतले सगळे हात वर असूनही आत्यानं ते एकेक करून मोजायला लावले.